वर्लिंडाच्या लग्नातला पडदा

वर्लिंडा प्रेसमन जो पहिला शब्द बोलली तो "आई" नव्हता आणि "बाबा"ही नव्हता. "आला!" हा तिचा पहिला शब्द. बाप घराकडे यायला निघाला की आजीला ओरडून सांगायचं, हे काम त्या पोरीच्या मागे दुडदुडत असतानाच लागलं आणि तिशी उलटली तरी सुटलं नाही. "आला!" कानावर पडलं की ग्लेनीबा आजी हातातली लोकर टाकून आपल्या होगनमध्ये, म्हणजे मातीच्या गोल घरात शिरायची आणि धाडकन दार लावून घ्यायची. मग बाप अंगण ओलांडून शेजारच्या घरात जायचा. "गेला!" झालं की आजी बाहेर. दिवसातून कितीदा तरी हा खेळ चाले, आणि त्यात घरातल्या कोणाला काही विशेष वाटत नसे.

सासू-जावयानं एकमेकांचं तोंड पाहायचं नाही, पाहिलं तर डोळे जातात. नवाहो आदिवासींच्या लुकाचुकाई गावात हल्ली हे कोण पाळतंय! आजकालच्या सासवा जावयाच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून बाजाराला जातात आणि वाटेत त्याच्या गाडी चालवण्याला नावंही ठेवतात. पण ग्लेनीबा पडली जुन्या वळणाची. शिवाय ती गालिचे विणायची, आणि त्या कामात सगळा भरवसा डोळ्यांवर. तिनं पाळलं तर त्यात नवल नाही. नवल जावयाचं.

हा जावई ज्यू. मार्व्हिन प्रेसमन, क्लीव्हलंडचा. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायला एका उन्हाळ्यापुरता म्हणून आला, ग्लेनीबाच्या लेकीच्या, लोरेनाच्या प्रेमात पडला आणि कायमचा इथलाच झाला. लग्नाआधी लोरेनानं चाचरत त्याला हा नियम सांगितला, तेव्हा हा पठ्ठ्या म्हणाला, "आमच्या देवानं आम्हाला सहाशे तेरा नियम दिलेत. त्यात आणखी एक. कुठं बिघडलं?" आणि तो त्यानं असा पाळला की नवाहो जावयांनी त्याच्याकडे शिकवणीला यावं. टेकडीवरून गाडी खाली घ्यायच्या आधी हॉर्न वाजवायचा. दुकानात सासू असेल तर बाहेर थंडीत कुडकुडत उभा राहायचा. आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला तेव्हा गावात दबक्या आवाजात चर्चा झाली, "दिसला असेल हो कधीतरी जावई!" ते ऐकून मार्व्हिनची जेवणावरची वासनाच उडाली. ऑपरेशनला आजीला तोच घेऊन गेला. म्हणजे ती पिकअपच्या मागच्या भागात, उलट्या दिशेला तोंड करून, डोक्यावरून शाल ओढून; आणि हा पुढे, आरशावर टोपी अडकवून. पोलिसानं अडवलं असतं तर यांनी काय सांगितलं असतं कोण जाणे.

या दोघांच्या मधे वर्लिंडा.

"बाबाला विचार, माझ्या पंपाचं काय झालं?"

"आजीला सांग, वॉशर आणायला हवा."

"आजीला सांग, मटण झकास होतं."

"त्याला सांग, मग माझं भांडं परत दे."

निरोप नेता-आणता पोर मोठी झाली. घरात ती बाबांनी ठेवलेल्या ज्यू नावाची शिफ्रा, होगनमध्ये आजीची वर्लिंडा. आजी मेंढी कापायची, रक्तात मक्याचं पीठ कालवून आतड्यात भरून शिजवायची. नात्यातली सगळी पोरं त्यावर तुटून पडत. वर्लिंडा तेवढं सोडून बाकीचं खायची. "तुझ्या बापाच्या देवाला रक्त चालत नाही का? बरंय, आम्हाला जास्त उरलं," आजी म्हणायची. पुढे नोकरीही मिळाली ती तसलीच, दवाखान्यात दुभाषाची. डॉक्टरचं म्हाताऱ्यांना सांगायचं, म्हाताऱ्यांचं डॉक्टरला. तिथं निदान पगार तरी होता.

तिच्या जन्माची गंमत अशी की कूळ आईवरून मोजायचं, हे नवाहोंचंही आणि ज्यूंचंही. त्यामुळे आईच्या माणसांनी तिला जन्मताच उचलून आपली म्हटलं, आणि बापाची माणसं तिला दारात उभी करून विचार करत बसली. बापाची बहीण फ्रीडा अल्बुकर्कीला राहायची. तोंडानं तिखट, मनानं लोणी. दर सणाला यायची, भाचीला प्रार्थना शिकवायची आणि निघताना न चुकता म्हणायची, "हुशार आहे गं पोर. आपली असती तर!" एकोणिसाव्या वर्षी वर्लिंडाचं डोकं फिरलं. "आत्या, मी तुमची व्हायला काय लागतं ते एकदाच सांगून टाक."

लागत होती झऱ्याच्या किंवा तळ्याच्या पाण्यात डुबकी आणि तीन धर्मगुरूंची साक्ष. तळं डोंगरात होतंच. हिवाळा तोंडावर आला असताना एका सकाळी तीन दाढीवाले तळ्याकडे पाठ करून उभे राहिले, आत्या टॉवेल घेऊन काठावर, आणि वर्लिंडा त्या गारठ्यात पाण्यात. निघताना आजीनं मक्याच्या परागाची पिशवी तिच्या हातात कोंबली होती. "देव कोणाचाही असो, पाण्यात शिरायचं तर आधी पाण्याला विचार." वर्लिंडानं चिमूटभर पराग पाण्यावर सोडला, आजीनं शिकवलेलं पुटपुटली आणि मग बुडी मारली. एक गुरुजी पाठमोरेच म्हणाले, "आत्ता काहीतरी वेगळंच ऐकू आलं." आत्या म्हणाली, "दात वाजतायत तिचे." त्या दिवसापासून आत्याचं "असती तर" बंद झालं ते कायमचं.

तर अशी वर्लिंडा, आणि तिचं लग्न ठरलं. मुलगा टेरिल डेशीनी, डोंगरापलीकडचा, घोड्यांना नाल ठोकणारा. घोड्यांशी बोलायचा तेवढंच काय ते बोलायचा. वर्लिंडाला तेच आवडलं असावं. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांचं बोलणं वाहिलं होतं.

लग्न व्हायचं ते मुलीच्या आजीच्या होगनमध्ये. मक्याचा घाटा आजीनं रांधायचा, नवरानवरीनं तो एकाच टोपलीतून खायचा, आणि मग वडीलधाऱ्यांनी त्यांना चार गोष्टी सांगायच्या. त्यात पहिला मान आजीचा. वर्लिंडाला ते सगळं हवं होतं. आणि तिला बाबांच्या तोंडून ज्यू लग्नातले सात आशीर्वादही हवे होते, हातात प्याला धरून म्हटलेले. एकाच छपराखाली, एकाच वेळी. इथंच तर घोडं पेंड खात होतं.

मार्व्हिननं विचार करायला वेळसुद्धा घेतला नाही. "आजीला सांग, मी बाहेर गाडीत बसेन. काच खाली करतो. तिथून म्हणतो आशीर्वाद. आवाज मोठा आहे माझा."

आजी उखडली. "त्याला सांग, लेकीच्या लग्नात बाप गाडीत बसत नसतो. घाटा मी करून ठेवीन आणि मेंढ्या घेऊन वर जाईन. चार शब्द काय, माझी बहीणही सांगेल."

"आजीला सांग, हे मला मुळीच मान्य नाही."

"त्याला सांग, त्याला विचारलंय कोणी?"

"आजीला सांग, तिच्याशिवाय ते लग्नच नव्हे."

वर्लिंडा हा शेवटचा निरोप घेऊन निघाली आणि अंगणाच्या मधोमध थांबली. एक दार बंद, दुसरंही बंद. दोन दारांच्या मागे दोन माणसं, तिच्यावर जीव टाकणारी, आणि दोघंही तिच्या लग्नातून उठून जायला निघालेली.

"पुरे झालं!" ती ओरडली, आधी नवाहोत आणि मग इंग्रजीत, कोणाची सुटका नको म्हणून. "आजपासून मी कोणाचा निरोप नेणार नाही! तुम्ही दोघं असाल तर लग्न इथं होईल. एक जण जरी नसला तर मी विंडो रॉकला कोर्टात जाऊन सही करीन, आणि तिथं दोघांनाही बोलावणार नाही!"



मग अंगणात भयाण शांतता पसरली. आजीच्या पंपाला गळती लागली, पण मार्व्हिनला सांगणार कोण? मार्व्हिनचं ताट आजीकडे राहिलं, पण मागणार कोण? लोरेनानं निरोप न्यायचा प्रयत्न केला, पण तिला सवय नव्हती. तिनं इकडचं तिकडे सांगताना आपलंही मत घातलं आणि भांडण वाढवून ठेवलं. वर्लिंडा टेरिलच्या नाल ठोकायच्या शेडमध्ये बसून ढसाढसा रडली. "मी आयुष्यभर त्या दोघांच्या मधे उभी राहिले, टेरिल. ते काय माझ्याच लग्नात एकाला बाहेर बसवायला?" टेरिलनं हातातला हातोडा खाली ठेवला. आणि तो तिच्याजवळ येऊन बसून राहिला.

त्या आठवड्यात फ्रीडा आत्या येऊन थडकली, आशीर्वादाचा चांदीचा प्याला घेऊन. इतकी वर्षं येत होती, पण उतरायची भावाच्या घरात. होगनमध्ये कधी पाऊल टाकलं नव्हतं. घरातलं सुतकी वातावरण पाहून तिचं टाळकं सटकलं. "कुठाय ती म्हातारी? मीच बोलते तिच्याशी," म्हणत तिनं वर्लिंडाचा दंड धरला. "आणि तू चल. हा निरोप नाही, ही माझी भेट आहे. भेटीला दुभाषी लागतो."

होगनचं दार पूर्वेला. आत शिरल्या शिरल्या आत्या उजवीकडच्या खुर्चीकडे वळली. आजीनं हातातला डाव हवेत उगारला.

"काय झालं?" आत्या दचकली.

"डावीकडून जायचं. सूर्य जातो तसं," वर्लिंडा म्हणाली.

"खुर्ची ही काय इथं माझ्या उजव्या हाताला! आणि मी सगळं घर फिरून येऊ?"

"हो."

आत्या धुसफुसत शेगडीला वळसा घालून, दक्षिणेकडून पश्चिमेला, पश्चिमेकडून उत्तरेला अशी फेरी मारून त्या खुर्चीशी पोचली. "मग पलीकडेच बसले असते की! ती बाजू काय वाईट होती?"

आजी काहीतरी बोलली. वर्लिंडा म्हणाली, "ती पुरुषांची बाजू. बायका उत्तरेला, पुरुष दक्षिणेला."

आत्यानं त्या बाजूला पाहिलं, या बाजूला पाहिलं, मधल्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. आणि ती हसायला लागली. हसता हसता तिचा चष्मा घसरून मांडीवर पडला.

"अगं बये! हे तर आमचं सिनेगॉगच आहे! लहानपणी प्रार्थनेला आम्ही बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, आणि मधे पडदा. इकडचं तोंड तिकडे दिसता कामा नये. शेकडो वर्षं आम्ही हाच उद्योग करत आलो, आणि तुम्ही एका सासू-जावयापायी लग्न मोडायला निघालात?"

वर्लिंडानं हे नवाहोत सांगितलं. सांगता सांगता तिला होगनच्या मधोमध टांगलेला पडदा दिसायला लागला, आणि तिनं हातानं हवेत त्याची रेघ ओढून दाखवली.

"पडदा वाऱ्यानं उडाला तर?" आजीनं विचारलं.

"खाली दगड ठेवू," आत्या म्हणाली.

"भोक असलं तर?"

आत्या पुढे झुकली. "विहीणबाई, आमच्या पडद्याला भोक होतं. मी स्वतः बोट घालून मोठं केलं होतं. त्याच भोकातून मी माझा नवरा पसंत केला."

हे कानावर पडताच आजी अशी खदखदून हसली की बाहेर अंगणातली कुत्री भुंकायला लागली. "मग पडदा हिलाच तपासू दे," ती म्हणाली. "चोराला सगळ्या वाटा ठाऊक."

आजीनं पेटीतून एक घडी काढली. वर्लिंडाला लग्नात द्यायला विणलेला मोठा गालिचा होता तो, लाल, काळा आणि राखाडी. दोघी म्हाताऱ्यांनी तो अंगणात नेऊन उन्हासमोर धरला आणि इंच इंच पाहिला. उजेडाचा एक कण पलीकडून येत नव्हता.

टेरिलचे आजोबा बेन्सन मंत्र म्हणणारे, गावोगाव त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच हरकत काढली. "सूर्याची वाट अडता कामा नये." मग शेगडीपासून मागे, नवरानवरी बसतात तिथपर्यंतच पडदा टांगायचा ठरलं, दारापुढची जागा मोकळी आणि मागून फिरायलाही वाट. त्या दोघांना दोन्ही बाजू दिसतील, बाजूंना एकमेकींचं काही दिसणार नाही. पण आत येणारा सगळा वळसा घालून, म्हणजे दुसऱ्या बाजूवरून जाणार, आणि बाहेर पडणाराही. म्हणून आजीनं सगळ्यांच्या आधी आत यायचं आणि सगळ्यांच्या आधी बाहेर पडायचं, हे आत्यानं ठरवून टाकलं. दारू या मुलखात बंद, तेव्हा प्याल्यात द्राक्षाचा रस. एवढं सुरळीत झालं आणि आत्या उत्साहानं म्हणाली, "आणि शेवटी नवरा पायाखाली ग्लास फोडतो!"

बेन्सन आजोबा घसा खाकरून म्हणाले, "आमच्याकडे वस्तू फोडतात ती माणूस गेल्यावर."

"आमच्याकडे आनंदातही जुनं दुःख आठवावं म्हणून फोडतात," आत्या जरा वरमून म्हणाली.

"त्याला ग्लास कशाला लागतो?" आजी म्हणाली. "आम्हाला तसंच आठवतं."

आत्यानं तिच्याकडे पाहिलं आणि हळूच तिच्या हातावर हात ठेवला. ग्लासाचा विषय तिथंच मिटला.

लग्नाच्या दिवशी ऊन कलताना आजी मखमली झग्यात, गळ्यात फिरोज्यांच्या माळा घालून, वळसा घालून आपल्या जागी बसली. आत्यानं पडद्याची शेवटची तपासणी केली, कडेला दगड सरकवला आणि दाराशी येऊन हात हलवला. मार्व्हिन आत आला. डोक्यावर छोटी टोपी, खांद्यावर त्याच्या वडिलांची प्रार्थनेची शाल. तीसहून जास्त वर्षांत पहिल्यांदा सासू आणि जावई एका छपराखाली होते, मधे फक्त एक गालिचा. वर्लिंडानं आजीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. दोघंही एकाच वेळी तिला दिसत होते. असं या आधी कधी झालं नव्हतं, आणि तिला ते डोळ्यांत मावेना.

नवरानवरीनं एकमेकांच्या हातावर पाणी घातलं. टोपलीतल्या घाट्यावर बेन्सन आजोबांनी पराग शिंपला, आणि दोघांनी चारी दिशांनी आणि मग मधून, बोटांनी उचलून खाल्लं. टोपली पाहुण्यांत फिरली. मग आजीची पाळी आली.

"टेरिल, बाळा, ऐक," ती म्हणाली. "नवरा कसा असावा ते सांगते. माझ्या लेकीचा नवरा मी कधी पाहिला नाही. उंच का बुटका, मला ठाऊक नाही. टक्कल पडलंय म्हणतात."

पुरुषांच्या बाजूला हशा उसळला. मार्व्हिननं टोपी सारखी केली.

"पण बर्फ पडायच्या आधी माझ्या दाराशी लाकडं फोडून रचलेली असतात. रचताना मी कोणाला पाहिलेलं नाही. एकदा टेकडीवर त्याची गाडी बर्फात रुतली. त्यानं आधी मला सावध करायला हॉर्न वाजवला, आणि मग मदतीला हाका मारल्या. माझ्या बहिणींचे जावई सासूच्या समोर बसून जेवतात, आणि तिला पाणी हवंय का ते विचारत नाहीत. माझा जावई मला टाळतो, आणि त्याच्याइतकं माझ्याकडे कोणाचं लक्ष नाही. या वयात मी विणते ती त्यानं राखलेल्या डोळ्यांनी. तू असा हो. संपलं माझं."

हशा कधीच थांबला होता. मार्व्हिनला नवाहो चांगली समजायची. तो चांदीचा प्याला घेऊन उभा राहिला, तेव्हा रस काठावरून हातावर सांडत होता. त्यानं हिब्रूत सुरुवात केली, "बारूख अता..." आणि तो अडकला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडकला. मोठ्या आवाजाचा तो माणूस, तोंड उघडं टाकून उभा. पुरुषांच्या बाजूला दुसरा ज्यू नव्हता. आत्यानं मदतीला तोंड उघडलं.

पण आवाज आला तो आत्याच्या शेजारून. म्हातारा, खरखरीत, नवाहो वळणाचा, पण चाल अगदी बरोबर. ग्लेनीबा आजी डोळे मिटून, मांडीवर हात ठेवून, प्याल्यावरचा आशीर्वाद म्हणत होती. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, एकही न चुकता.

आत्या तिच्याकडे बघतच राहिली. "हे... हे हिला कोणी शिकवलं?"

आजीनं डोळे उघडले. प्रश्न तिला भाषांतराशिवाय कळला. "दर शुक्रवारी संध्याकाळी म्हणतो तो," ती म्हणाली. "आवाज मोठा आहे त्याचा."

पडद्यापलीकडून "आमेन!" आला, असा दणदणीत की छपराची माती झडावी. आणि मग मार्व्हिन सुटला. उरलेले सहाही आशीर्वाद त्यानं अशा आवाजात म्हटले की मेंढ्यांच्या वाड्यापर्यंत ऐकू गेले. नवरानवरीनं प्याल्यातून घोट घेतला, आत्या अभिनंदनाचं "माझल टॉव" म्हणून किंचाळली, आणि डेशीनींच्या बायका, ज्यांना त्याचा अर्थ ठाऊक नव्हता, त्याही तिच्यामागे किंचाळल्या.

तेवढ्यात एका काकूला शंका आलीच. "अहो, पण ती म्हणाली आणि यानं आमेन दिलं. म्हणजे सासू-जावई बोलले की!"

सगळे बेन्सन आजोबांकडे बघायला लागले. त्यांनी बोटाला लागलेला घाटा चाटला. "ती देवाशी बोलली," ते म्हणाले. "जावयानं फक्त ऐकलं."

मग जेवणाची गडबड सुरू झाली. मटणाचा रस्सा, तळलेली रोटी, आत्यानं भाजून आणलेला वेणीचा पाव. वर्लिंडा टेरिलच्या मांडीला मांडी लावून बसली होती, बोटं अजून घाट्यानं चिकट. एवढ्यात आजी गालिच्याकडे तोंड करून, गालिच्यालाच विचारल्यासारखं म्हणाली, "घाटा पातळ झाला होता का?"

वर्लिंडाचं तोंड आपोआप उघडलं. बाबांकडे वळून ती विचारणारच होती.

"नाही हो," पलीकडून बाबा म्हणाले. "मस्त झाला होता."

वर्लिंडानं तोंड मिटलं, टेरिलच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि आपल्या लग्नात निवांत बसून राहिली.